सव्वीस वर्षे वर्ग करण्याबाबत

बारकीबाई लहू हिलम यांना बालरोगशास्त्रातल्या संशोधनासाठी तीन वर्षांचं अनुदान मंजूर झालं. वय बावन्न, शिक्षण नाही, व्यवसाय कोळसाभट्टी, आणि भट्टी बंद असेल तेव्हा खेकडे धरणं. नवबालक संशोधन प्रतिष्ठानाच्या पत्रात त्यांच्या नावाआधी ठळक अक्षरांत 'डॉ.' लावलेलं होतं आणि पत्राच्या शेवटी 'उदयोन्मुख तरुण बालरोगतज्ज्ञ म्हणून आपल्या उज्ज्वल कारकिर्दीस शुभेच्छा' असंही छापलेलं होतं.

असं काही घडलेलं नाही.

म्हणजे प्रतिष्ठानाने नवव्या दिवशी तसं लेखी कळवलं: 'सदर पत्र आपणास प्राप्तच झाले नव्हते असे समजावे.' कुंभेरवाडीच्या लोकांनी लगेच तसं समजायला सुरुवात केली. शिक्का मारलेली पत्रं आपल्याला मिळालीच नाहीत असं समजण्याचा त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव आहे. तेव्हा आपणही तसंच समजू, आणि जे घडलं नाही ते पहिल्यापासून बघू.

बारकीबाईंची मुलगी चांगुणा मात्र खरोखरची डॉक्टर होती. वय एकतीस. सुधागड तालुक्यातल्या कातकऱ्यांच्या कुंभेरवाडीतून निघून आश्रमशाळा, पुण्याचं वैद्यकीय महाविद्यालय, मग बालरोगात एम.डी. एवढं सगळं करून ती एका सरकारी रुग्णालयात कंत्राटी संशोधक झाली होती. संशोधक म्हणजे सकाळी बाह्यरुग्ण विभागात ऐंशी पोरं तपासायची, दुपारी लसींच्या बाटल्यांचं तापमान बघायचं आणि उरलेल्या वेळात संशोधन करायचं. उरलेला वेळ प्रत्यक्षात असतो का, यावर अजून कोणी संशोधन केलेलं नव्हतं. मार्चअखेर तिचं कंत्राट संपणार होतं. तोवर स्वतःचं अनुदान आणलं तर जागा राहील, नाहीतर खुर्ची रिकामी करायची, असं तिला तोंडी सांगितलेलं होतं.

तिच्याकडे प्रश्न मात्र चांगला होता. तालुक्याच्या वजनतक्त्यांत कुंभेरवाडीची अडीच वर्षांखालची पोरं दर वर्षी धडधाकट निघत, आणि त्याच वाडीच्या बायांची वजनं अशी की काटा बिघडलाय समजून परिचारिका दोनदा बघायच्या. असं का, हे शोधायला चांगुणाला कुठे जावं लागलं नाही, कारण ती त्या उत्तरातूनच आली होती.

वाडीत एक रीत होती. ज्या पोराचे दुधाचे दात पुरते आलेले नाहीत, ते कुठल्याही एका चुलीचं नसतं. कुठल्याही घरचं मडकं उतरलं की पहिला मऊ घास त्याचा. एखादी म्हातारी त्याला काखेत घेऊन दारोदार फिरवते, आणि त्याने गिळल्याशिवाय बाया जेवायला बसत नाहीत. याला म्हणायचं दातघास. पुढे बाया बसतात का? तर कोणीही विचारलं की बाई सांगते, "मी पलीकडं खाऊन आले." चांगुणाच्या लहानपणी वाडीत अकरा चुली होत्या, आणि आषाढ-श्रावणात, जेव्हा ना भट्टी ना शेतमजुरी, तेव्हा अकराही चुलींवरच्या बाया रोज दुसऱ्या चुलीवर जेवून आलेल्या असायच्या. या हिशेबात काहीतरी गडबड होती. पण वाडीत गणित शिकलेली पहिली मुलगी चांगुणाच, आणि तिलाही ही गडबड कळायला एम.डी. व्हावं लागलं.

प्रतिष्ठानाची 'प्रथमांकुर' योजना तिच्यासाठीच आखल्यासारखी होती. ज्या घरांतून डॉक्टर सहसा निघत नाहीत तिथून आलेल्या तरुण बालरोगतज्ज्ञांना संशोधनासाठी अनुदान आणि सोबत एक ज्येष्ठ मार्गदर्शक. चांगुणाच्या वाट्याला डॉ. विभास टिपणीस आले. पुण्यातले नामांकित बालरोगतज्ज्ञ, मनाने भले. आजवर त्यांनी सात वंचितांना मार्गी लावलं होतं. सातही नावं त्यांना पाठ होती, फक्त चेहरे इकडचे तिकडे व्हायचे.

"चांगुणा, तुझं आत्मकथन वाचलं," पहिल्याच बैठकीत ते म्हणाले. "छान आहे. पण भूक कमी पडतेय."

"सर, होती तेवढी लिहिली."

"ते कळतं गं. पण हे बघ, तू लिहितेस, 'लहानपणी मला खेकड्याचं कालवण फार आवडायचं.' वाचणाऱ्याला वाटेल, तू अलिबागला सुट्टीला गेली होतीस."

"मग खेकडे काढू?"

"छे छे, खेकडे हवेतच. 'आवडायचं' काढ."

तिने 'आवडायचं' काढलं. कालवण उरलं, पण त्याची चव गेली.

आत्मकथनाला अर्थात फारसा अर्थ नव्हता. निवड यंत्र करणार होतं. पूर्वी या योजनेला दाखले लागत: जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा. दाखले खोटे निघू लागले. बंगल्यात राहणाऱ्यांचे भूमिहीन असल्याचे दाखले यायला लागले, तेव्हा प्रतिष्ठानाने कागद बंद करून 'समतोल' नावाचं यंत्र आणलं आणि भिंतीवर नवं घोषवाक्य लावलं: 'रक्त खोटं बोलत नाही.'

यंत्रामागचं विज्ञान मात्र सच्चं होतं. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएची तीच पोथी असते. त्यातली कुठली पानं उघडी ठेवायची आणि कुठली चिकटवून टाकायची हे त्यावर बसलेले मिथाइल नावाचे चिमुकले रासायनिक गट ठरवतात. माणूस उपाशी राहिला की शरीर काटकसरीची पानं उघडतं आणि वाढीची, डागडुजीची पानं चिकटवतं. पुढे पोटभर मिळालं तरी चिकटलेली सगळी पानं सुटत नाहीत. रक्ताच्या एका थेंबातल्या अशा नऊशे जागा वाचून यंत्र शंभरपैकी एक आकडा देई. तो वंचितांक. साठच्या वर असेल तर अर्जदार पात्र.

त्याच थेंबातून आणखी एक आकडा निघे. मिथाइलचे हे गट वयाबरोबर ठरावीक चालीने बदलत जातात, म्हणून त्यांच्यावरून शरीर खरोखर किती झिजलंय ते कळतं. त्याला रक्तवय म्हणत. उपासमार, ओझी, एकामागून एक बाळंतपणं यांनी हे घड्याळ पुढे पळतं. यंत्र या दोन्ही बाबतीत अचूक होतं. भूक कुठल्या साली लागली एवढंच त्याला सांगता येत नसे. कोणापायी लागली, हे तर मुळीच नाही.

चांगुणाने प्रतिष्ठानात जाऊन अंगठा ठेवून नोंदणी केली, बोट टोचून घेतलं, आणि पंधरा मिनिटांत निकाल आला. रक्तवय एकतीस. वंचितांक अकरा. खाली यंत्राने आपणहून शेरा मारला होता: 'सुखवस्तू बालपण. अभिनंदन.'

टिपणीस सरांनी कागद दोनदा वाचला. "अकरा? अगं, माझा चौदा आहे!" त्यांच्या आवाजात न लपणारा अभिमान होता. "मला पहिल्या वर्षी खूप जुलाब झाले होते."

"सर, पण माझं संशोधन हेच आहे," चांगुणा म्हणाली. "दातघास मिळाला तर भुकेच्या खुणा पोरांच्या जनुकांवर बसत नाहीत, हे मला सिद्ध करायचंय. हे अकरा म्हणजे माझा पहिला पुरावा आहे."

"म्हणजे तुझं म्हणणं बरोबर आहे."

"हो."

"म्हणून तू अपात्र आहेस."

"आणि सत्तर आले असते तर?"

"तर तू पात्र असतीस. पण मग तुझं संशोधन चूक ठरलं असतं." सरांनी क्षणभर विचार केला. "चूक संशोधनाला अनुदान मिळतं म्हणा, त्याची काही अडचण नसते."

मग त्यांनी खणातून साबणाच्या वडीएवढी एक पांढरी पेटी काढून टेबलावर ठेवली. फेरतपासणीची सोय होती. पंधरा दिवसांच्या आत नमुना घरीच घेऊन पाठवायचा. पेटी रक्त वाचते आणि आकडे थेट प्रतिष्ठानाला कळवते.

"घरी घ्यायचा असतो," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "आता घरी आणखी कोण कोण असतं, ते काही पेटी विचारत नाही. गोपनीयतेचा कायदा आहे ना. मी काही सुचवत नाहीये हं."

मार्गदर्शन म्हणजे काय ते चांगुणाला त्या दिवशी समजलं.

रविवारी ती पेटी घेऊन वाडीत गेली. वाडी आता बरीच बदलली होती. घरकुलांवर सौर पट्ट्या आल्या होत्या, टेकाडावर मनोरा आला होता. माणसं मात्र वर्षातले आठ महिने भट्ट्यांवर पांगलेली. बारकीबाई दारात बसून खेकड्यांच्या नांग्या मोडत होत्या. चौतीस किलोची बाई, पण खेकडे त्यांना वचकून असत.

"आली का डाक्तरीण. जेवलीस?"

"जेवले. तू?"

"मी मगाशीच भागीकडं खाऊन आले."

भागीच्या दाराला कुलूप होतं. ती आठवड्यापूर्वीच भट्टीवर गेल्याचं वाडीच्या वेशीवरच कळलं होतं. चांगुणा काही बोलली नाही. हे न बोलणंही वाडीच्या रीतीतलंच होतं.

तिने आईला सगळं समजावून सांगितलं. यंत्र, आकडा, अकरा. बारकीबाईंनी नांगी मोडायची थांबवून नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे तू उपाशी नव्हतीस, म्हून देत नायत?"

"तसंच."

"मंग आमचंच चुकलं म्हन की."

"तसं नाही गं, आये."

"चार दिस उपाशी ठिवायला पायजे हुतं तुला."

"चार दिवसांनी काय होतंय? अकराचे साठ व्हायला निदान चार वर्षं लागली असती."

"मंग मेलीच असतीस तू."

"हो. पण पात्र होऊन."

दोघी मनापासून हसल्या. बारकीबाईंना हसता हसता ठसका लागला आणि तो बराच वेळ थांबला नाही. थांबल्यावर त्यांनी पदराला हात पुसले आणि चांगुणापुढे पसरले.

"माझं घे."

"काय?"

"रगात. आनखी काय हाय माझ्याकडं?"

"आये, असं चालत नाही. ही फसवणूक होते. मी डॉक्टर आहे."

"कशाची फसवनूक? त्यांना भुकंचं रगात पायजे. तुझ्यात नाय, माझ्यात हाय. दोघींचं मिळून एकच हुतं ते. तू माझंच पिऊन मोठी झालीस नव्हं?"

चांगुणा नाहीच म्हणाली. नंतरही दोन तास नाहीच म्हणत राहिली. मग शेजारच्या घरचा भात उतरला. एक म्हातारी दीड वर्षाच्या पोरीला काखेत घेऊन बाहेर आली, एका चुलीवर घास घेतला, दुसऱ्या चुलीवर घेतला, आणि मग सवयीने तिसऱ्या दाराकडे वळून कुलपापुढे उभी राहिली. अकरातल्या दोन चुली उरल्या होत्या आणि दुधाच्या दातांची पोरं तीन. पुढच्या वर्षी मोजायला काही राहिलं असतंच असं नाही. म्हातारी कुलपापुढून परत फिरली तेव्हा चांगुणाने पेटी उघडली.

सूचना साध्या होत्या. अनामिका टोचावी, थेंब पट्टीवर घ्यावा. रोज पंधरावीस तान्ह्या पोरांच्या टाचा एका फटक्यात टोचणाऱ्या चांगुणाला आईचं बोट तीनदा टोचावं लागलं. कोळशाने त्याची कातडी चपलेसारखी झाली होती. शेवटी थेंब आला. तो पट्टीवर घेऊन ती सुई टाकायला वळली.

तेवढ्यात पेटीच्या काचेवर हिरवा दिवा लागला. दिवा लागलेली काच दिसली की त्यावर अंगठा दाबायचा, ही बारकीबाईंची आयुष्यभराची शिस्त होती. रेशन, बँक, रोजगार हमी, लस, घरकुल. आजवर कुठल्याच साहेबाने त्यांचं दुसरं बोट मागितलं नव्हतं. अनामिका मागणारी ही पेटी त्यांना पहिल्यापासूनच अर्धवट वाटत होती. म्हणून त्यांनी तिचं राहिलेलं काम पुरं केलं. अंगठा काचेवर ठेवला, आणि नेहमी सर्व्हर डाऊन असतो म्हणून चांगला दाबून धरला.

'ओळख पटली. धन्यवाद,' पेटी गोड आवाजात म्हणाली.

"काय म्हणाली गं?" चांगुणाने वळून विचारलं.

"धन्यवाद म्हनली," बारकीबाई म्हणाल्या. "पयल्यांदाच म्हनलं कुनी."

अकराव्या दिवशी चांगुणाला आईचा फोन आला. ती बाह्यरुग्ण विभागात एका बाळाचा कान बघत होती.

"बाय, मी डाक्तर झाले."

पत्र वाडीच्या पत्त्यावर गेलं होतं आणि अंगणवाडीताईंनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं. पेटीने अंगठ्यावरून नाव शोधलं, आणि अर्ज डॉक्टरांचा असल्याने आपणहून 'डॉ.' लावलं. चांगुणाच्या मागोमाग टिपणीस सरांचाही फोन आला. "चौऱ्याण्णव! चांगुणा, महाराष्ट्रात सर्वांत जास्त! मला माहीत होतं, तुझ्यात आहे. नावात काहीतरी गोंधळ झालाय, पण तो दुरुस्ती अर्जाने सुटेल. कुठलाही गोंधळ दुरुस्ती अर्जाने सुटतो."

पुढचे आठ दिवस वाडीत बारकीबाईंना 'डाक्तर' म्हणत. आधी थट्टेने, मग सवयीने. दोन भट्ट्यांवरच्या बाया तर मुद्दाम पोरं घेऊन आल्या. बारकीबाई पोराचं तोंड उघडून दात बघत आणि सांगत, "आजून चार यायचे हायत. तवर पयला घास याचा." निदान आणि उपचार दोन्ही बरोबर होते. चांगुणाच्या चार वर्षांच्या अभ्यासाचा निष्कर्षही एवढाच होता.

आठव्या दिवशी दुरुस्ती अर्ज भरायला म्हणून ती वाडीत आली, आणि तेव्हा तिने पत्राचं दुसरं पान पाहिलं. ते अंगणवाडीताईंनी वाचलं नव्हतं, कारण त्यात शुभेच्छा नव्हत्या.

वंचितांक: ९४. रक्तवय: ७८.

चांगुणाने दोन्ही आकडे डॉक्टरसारखे वाचले. बावन्न वर्षांच्या बाईचं रक्त अठ्ठ्याहत्तर वर्षांचं असेल तर तिच्या हृदयाच्या झडपा, मूत्रपिंडं, हाडं कशी असतील ते तिला पाठ होतं. परीक्षेला आलेला प्रश्न होता तो. पूर्ण गुण मिळाले होते. आईचा रक्तदाब आपण शेवटचा कधी घेतला, हे मात्र तिला काही केल्या आठवेना.

नवव्या दिवशी रद्दीकरणाचं पत्र आलं. कारणाच्या रकान्यात फक्त 'वयोमर्यादा' एवढंच होतं. चांगुणा पुण्याला गेली. प्रतिष्ठानाच्या पात्रता अधिकारी श्रीमती घैसास पडद्यामागून बोलत होत्या, म्हणजे त्यांच्या समोर संगणकाचा पडदा होता आणि त्या त्याच्यावरून नजर काढत नव्हत्या. टिपणीस सर शेजारी बसले होते.

"वय बसत नाही," घैसास म्हणाल्या. "योजना पस्तीस वर्षांपर्यंतच्या तरुण डॉक्टरांसाठी आहे, आणि वय आम्ही रक्तावरून धरतो. जन्माचे दाखले खोटे निघतात ना."

"मॅडम, ज्याचा वंचितांक चौऱ्याण्णव येईल, त्याचं रक्तवय पस्तीसच्या आत बसेल तरी का?"

घैसासांनी प्रामाणिकपणे शोधून पाहिलं. "आजवर कोणी बसलेलं दिसत नाही. वंचितांक ऐंशीच्या पुढे असलेल्यांतलंही कोणी नाही. पण योजना सर्वांसाठी खुली आहे."

चांगुणा म्हणाली, "मॅडम, खरं सांगते. ते रक्त माझ्या आईचं आहे. ती डॉक्टर नाही, तिला सहीदेखील येत नाही. मी माझ्या जागी तिचं रक्त दिलं. फसवणूक माझी आहे."

टिपणीस सरांनी एकदम खाली वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

घैसास पडदा वरखाली करत राहिल्या. "अपात्रतेच्या कारणांमध्ये 'डॉक्टर नसणे' हा पर्यायच नाहीये," त्या म्हणाल्या. "फक्त डॉक्टरच अर्ज करतात असं गृहीत आहे. आणि कबुली असेल तर ती अर्जदारालाच देता येते."

"अर्जदार म्हणजे?"

"डॉ. बारकीबाई."

"आणि माझा अर्ज?"

"तुमचा अकरा. फेरतपासणीचा नमुना तुमच्या नावावर मुदतीत आलेला नाही. फाइल बंद झाली."

बाहेरच्या भिंतीवर यंदाच्या मानकऱ्याचा फोटो लागलेला होता. डॉ. रेयांश दफ्तरदार, वंचितांक अडुसष्ट, रक्तवय चौतीस. खाली त्यांची संघर्षकथा होती. त्यांच्या मातोश्री आहारतज्ज्ञ म्हणून त्या काळी फार गाजलेल्या. त्यांनी आपल्या बाळाला दोन वर्षांचं होईपर्यंत तेल, तूप, दूध आणि धान्य यांच्यापासून कटाक्षाने दूर ठेवलं होतं. त्या पद्धतीवरच्या त्यांच्या शिबिरांना तेव्हा प्रतीक्षायादी असे. रेयांशच्या रक्तातली भूक अगदी खरी होती. रक्त खोटं बोलत नाही.

सगळ्यात खाली होतं: मार्गदर्शक, डॉ. विभास टिपणीस.

"हा माझा आठवा," सर हळूच म्हणाले. मग त्यांनाच राहवलं नाही. "चांगुणा, मी तुझ्यासाठीही तेवढंच केलं गं. अगदी तेवढंच."

आणि ते खरं होतं. त्यातलं कडू तेच होतं.

मार्चअखेर चांगुणाने खुर्ची रिकामी केली. जाताना रक्तदाबाचं यंत्र मात्र बरोबर घेतलं, ते तिचं स्वतःचं होतं. वाडीत पोचल्यावर तिने बारकीबाईंना भिंतीला टेकवून बसवलं आणि दंडाला पट्टा बांधला. पट्टा मोठा पडला. तो मोठ्या माणसांचा होता. तिने पिशवीतून पोरांचा पट्टा काढला, आणि तो बरोबर बसला.

"कितीय?" बारकीबाईंनी विचारलं.

"बरंय." बरं नव्हतं. "आये, यंत्र म्हणतं तू अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहेस."

बारकीबाईंचा चेहरा उजळला. "खरं? मंग माझी म्हातारपनाची पेंशन लावून घे. तीन साल झाली, अर्ज टाकला की म्हनतात, बाई, वय बसत नाय, तू जवान हायस."

"ते कागदावरचं वय बघतात."

"आन तुझं ते पुन्यातलं?"

"ते रक्तातलं."

"मंग दोघांना एकदा समोरासमोर बसवा की," बारकीबाई म्हणाल्या. एवढ्या साऱ्या प्रकरणात कोणी केलेली ती एकुलती एक व्यवहार्य सूचना होती.

चांगुणाने पट्टा गुंडाळला. पुन्हा सोडला, पुन्हा गुंडाळला. मग तिने एकतीस वर्षांत कधी न विचारलेलं विचारलं. "आये, माझे दात यायचे होते तेव्हा तू कुठल्या चुलीवर जेवायचीस?"

"भागीच्या."

"आणि भागी?"

"ती माझ्याकडं जेवायची."

"तू तिला तुझ्याकडे जेवताना कधी बघितलंस?"

बारकीबाईंनी मुलीकडे जरा नवलाने पाहिलं. एवढी शिकली आणि अजून असं विचारते, तसं. "जेवनाऱ्याकडं बघू नये, बाय," त्या म्हणाल्या. "घास अडकतो."

चांगुणाने ताट वाढलं. मऊ भात, खेकड्याचं कालवण. ते तिला आवडायचं. एकच ताट वाढून तिने आईपुढे सरकवलं आणि समोर मांडी घालून बसली. "आता माझ्यासमोर जेवायचं. मी उठणार नाही."

बारकीबाईंनी पहिला घास केला, छान मऊ कालवला, आणि कोणाचे दात यायचेत ते बघायला दाराबाहेर नजर टाकली. बाहेर कोणी नव्हतं. तिन्ही पोरं त्या महिन्यात भट्टीवर गेली होती. घास हातात राहिला. त्यांनी तो थोडा वेळ तसाच धरला, मग परत ताटात ठेवला आणि ताट मुलीकडे ढकललं.

"तू खा. मी मगाशीच भागीकडं खाऊन आले."

चांगुणाने त्याच दुपारी अर्ज लिहिला. भाषा तिला अडली नाही. टिपणीस सरांनी तेवढं मार्गदर्शन नक्कीच केलं होतं.

प्रति,
मा. पात्रता अधिकारी,
नवबालक संशोधन प्रतिष्ठान, पुणे.

विषय: सव्वीस वर्षे वर्ग करण्याबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, माझी आई श्रीमती बारकीबाई लहू हिलम, राहणार कुंभेरवाडी, यांच्या रक्तात प्रत्यक्ष वयापेक्षा सव्वीस वर्षे जादा असल्याचे आपल्या यंत्राने निदर्शनास आणून दिले आहे. सदर सव्वीस वर्षे त्यांची नाहीत. त्यांपैकी काही माझी असून उर्वरित वाडीतील इतर मुलांची आहेत. ती आमच्या दुधाच्या दातांच्या काळात, आमच्याऐवजी त्यांच्या रक्तात गेलेली आहेत. इतर मुले सध्या स्थलांतरित असल्याने व त्यांचे पत्ते उपलब्ध नसल्याने, सर्व सव्वीस वर्षे स्वीकारण्यास मी एकटी तयार आहे.

तरी सदर वर्षे त्यांच्या रक्तातून काढून माझ्या रक्तात वर्ग करण्यात यावीत. त्यामुळे माझे रक्तवय सत्तावन्न होईल व मी आपल्या कोणत्याही योजनेच्या वयोमर्यादेत बसणार नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. अनुदानाबाबत माझी कोणतीही मागणी नाही.

माझी आई बावन्न वर्षांची आहे. तिला बावन्न वर्षांची करण्यात यावे, ही नम्र विनंती.